बाईंचं कोरं टाचण

"पयले हात लाव, मंग सांग."

बाईंचं हे वाक्य दिवसातून पंचवीस वेळा तरी ऐकू यायचं. मुलाच्या तळहातावर काहीतरी ठेवायचं, बाभळीची शेंग, गोगलगाईचा रिकामा शंख, कधी वाळलेलं शेणसुद्धा, त्याची बोटं आपल्या हातानं मिटवायची आणि त्याच्या तोंडाकडे बघत थांबायचं. आपण मास्तर लोक प्रश्न विचारतो आणि उत्तरही आपणच देऊन मोकळे होतो, कारण तास पस्तीस मिनिटांचा असतो. बाई थांबत. एकदा एका पोराच्या उत्तरासाठी त्या इतका वेळ थांबल्या की तेवढ्यात शेजारच्या वर्गात माझी अख्खी हजेरी घेऊन झाली.

आमची शाळा नागपुरातल्या एका खासगी संस्थेची, प्राथमिक. सत्तरच्या दशकातली गोष्ट. इमारत होती, फळे होते, आणि मागे नाल्याकाठी पडीक जागा होती. तिथे बाभळी, तरोटा, बेशरमाची झुडपं आणि वाळवीची वारुळं. आम्हा सगळ्यांना ती जागा घाण वाटायची. बाईंना तो वर्ग वाटायचा. दुसरीची चाळीस पोरं घेऊन त्या रोज तास-दीड तास तिकडे असत. पोरांनी मुंग्यांची रांग कुठून कुठे जाते ते बघायचं आणि परत येऊन सांगायचं. डोळे मिटून पान ओळखायचं, आणि नाव न घेता ते असं सांगायचं की दुसऱ्यानं ओळखलं पाहिजे. मग सगळे वर्गात येत आणि पोरं जे बोलली तेच, जसंच्या तसं, बाई फळ्यावर लिहीत. "मुंग्या भांडून नाई राहिल्या, कानात सांगून राहिल्या." हे एका पोराचं वाक्य मला अजून आठवतं. पोरं आपलंच बोलणं फळ्यावर वाचायला शिकत, आणि पुस्तकाची भाषा त्यानंतर यायची.

"बाई, शाळा आहे की गुरं चारायला नेता?" मी एकदा विचारलं.

"गुरं तरी चाऱ्याले तोंड लावतात गुरुजी. तुमची पोरं तं तोंडच नाई उघडत."

मास्तरांच्या खोलीत हशा झाला. मीही हसलो, पण ते मला लागलं होतं, कारण खरं होतं.

बाई नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतल्या. वडील गिरणीत होते. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी त्या बारा-तेरा वर्षांच्या होत्या, आईचं बोट धरून गेल्या होत्या, एवढं त्यांनी एकदा सांगितलं होतं. दुसरं सांगितलं ते असं. शाळेत त्यांच्या बोलण्याला मास्तर हसले, आणि त्या वर्षभर वर्गात बोलल्या नाहीत. "बोलाले लागली तं मास्तरीणच झाली," असं म्हणून त्या हसल्या. आमच्या हेडमास्तरांना त्यांचं काहीच रुचत नसे. बाईंच्या पाठीमागे ते म्हणत, "यांना शुद्ध बोलायचंच नाही, मग पोरांना काय शिकवणार?" पाठीमागे हे बोलणारे ते एकटेच नव्हते. बाईंचा पाण्याचा पेला खोलीत वेगळ्या खुंटीवर का असतो, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

त्यांच्या वर्गात एक मुलगी होती. पहिलीत ती माझ्याकडे होती. पहिल्याच महिन्यात ती उठून म्हणाली होती, "गुरुजी, मले पानी प्याचं हाय." मी तिला उभं ठेवून तेच वाक्य शुद्ध भाषेत दहा वेळा म्हणायला लावलं. वर्ग हसला. चौथ्या-पाचव्या वेळेला मीही हसलो. त्यानंतर ती शाळेत बोललीच नाही. हजेरीला हात वर करायची, बस. घरी बोलते, असं तिची आई सांगायची. मी लेखी पेपरावर तिला दुसरीत ढकललं आणि विसरलो.

बाईंनी तिला कधी प्रश्न विचारला नाही. तिच्या हातात वस्तू मात्र रोज ठेवली. जुलै गेला, ऑगस्ट गेला, दसरा गेला. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक दिवस नाल्याकाठी बाभळीखाली सुगरणीचा पडलेला खोपा त्या मुलीला सापडला. त्या दिवशी माझा तास मोकळा होता म्हणून मी तिथे विडी ओढत उभा होतो, त्यामुळे हे ऐकीव नाही. तिनं तो खोपा उलटसुलट केला, आत बोट घातलं, आणि बाईंकडे न बघता म्हणाली, "हा अर्धाच हाय. सोडून देल्ला त्यानं."

बाईंनी अगदी रोजच्यासारखं विचारलं, "काहून वं?"

"पसंत नसन पडला."

"कोनाले?"

"त्याच्या बायकोले."

पोरं हसली. तीही हसली. बाई वर्गात गेल्या, तिची सगळी वाक्यं फळ्यावर लिहिली आणि सगळ्या वर्गाकडून मोठ्यानं वाचून घेतली. लिहिताना त्यांचा खडू दोनदा मोडला. त्या दिवसानंतर ती मुलगी बोलू लागली. थोडंच बोलायची, आणि हातात काही असलं तरच.

आता माझ्या कर्तबगारीकडे येतो.

टाचणवही म्हणजे उद्या काय शिकवणार ते आज लिहून हेडमास्तरांची सही घ्यायची वही. मास्तरांची अर्धी नोकरी त्या वहीत जाते. बाई टाचण लिहीत, पण शिकवून झाल्यावर. पोरांना काय सापडलं, कोण काय बोललं, सगळं तारीखवार. हेडमास्तर आरडाओरडा करत. बाईंचं उत्तर एकच. "जे झालंच नाई, थे कसं लिहू सर?"

जानेवारीत तपासणी आली. सगळ्यांच्या वह्या पुढच्या आठवड्यासह भरून टेबलावर हव्या होत्या. बाईंच्या वहीत तपासणीच्या दिवसापासून पुढची सगळी पानं कोरी. माझं अक्षर सुंदर होतं. शाळेच्या दारातल्या फळ्यावर रोजचा सुविचार मीच लिहायचो. त्या वर्षी मी नोकरीत कायम होणार होतो, आणि शाळेचा शेरा बिघडला तर ते लांबणार होतं. बाई पोरं घेऊन नाल्याकाठी गेल्या असताना मी त्यांच्या टेबलावरून वही उचलली, घरी नेली आणि पुस्तकातले पाठ क्रमानं घेऊन सहा पानं भरून टाकली. उद्देश, साहित्य, प्रश्न, स्वाध्याय. तपासणीच्या सकाळी बाई यायच्या आत वही जागेवर ठेवली. बाईंना मदत केली, असं मी स्वतःला सांगितलं, आणि मला ते पटलंसुद्धा.

तपासणीचे साहेब दुसरीत आले. मी सुविचाराचा खडू हातात घेऊन वर्गाच्या दारात उभा होतो. साहेबांनी वही उघडली. "वा. आज मोराचा पाठ. टाचण उत्तम आहे. चला, मोराबद्दल कोण सांगेल?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग एक पोरगा उठून म्हणाला, "साहेब, मोर आमी नाई पाह्यला. खोपा पाह्यला. सांगू?"

साहेबांनी वही बाईंपुढे धरली. "हे तुम्ही लिहिलंय?"

बाईंनी पान पाहिलं. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, अगदी क्षणभर. ते अक्षर अख्खी शाळा ओळखत होती.

"अक्षर माझं नाई साहेब."

"मग कोणाचं?"

"थे मले नाई सांगता येत."

हेडमास्तर शेजारीच उभे होते. त्यांनाही अक्षर कळलं होतं, आणि बाईंना घालवायला त्यांना ते सोयीचं होतं. मी दारात उभा होतो आणि मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मुलांकडून एकेक वाक्य दहा-दहा वेळा म्हणवून घेणारा माणूस मी. माझ्या तोंडातून अवाक्षर निघालं नाही.

कोऱ्या पानांचा फार तर ठपका बसला असता. खोटं टाचण दुसऱ्याकडून लिहून घेतलं म्हणून बाईंची बदली झाली, संस्थेच्या कुही गावातल्या शाळेत, वर्षाच्या मधेच. जाताना व्हरांड्यात त्या माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं, आता ऐकवतील. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

"लिहाच्या आधी मले विचाराचं तं होतं गुरुजी," एवढंच म्हणाल्या, खोलीत जाऊन खुंटीवरचा आपला पेला पिशवीत टाकला आणि निघून गेल्या.

त्यांचा वर्ग मला दिला. मार्चमध्ये मी कायम झालो. नाल्याकाठी जाणं बंद झालं आणि टाचण आठवडाभर आधी तयार असायचं. एक दिवस ती मुलगी टेबलाजवळ आली. वहीच्या कागदात गुंडाळलेला मेलेला भुंगा तिनं माझ्यापुढे ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी टाचण लिहीत होतो. "ही घाण कशाला आणली? बाहेर टाक आणि जागेवर बस," मी म्हणालो. तिनं भुंगा खिडकीतून टाकला. त्यानंतर ती माझ्याकडे कधी आली नाही.

एप्रिलात तोंडी परीक्षा झाली. मी तिला दोन प्रश्न विचारले. ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाई थांबायच्या तसं मीही थांबून पाहिलं, पण पाठीमागे चाळीस पोरं खोळंबली होती. मी तिच्या नावापुढे दहापैकी चार लिहून टाकले. शून्य लिहिलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं.

मे महिन्यात बाई कागदपत्रं घ्यायला शाळेत आल्या. कुहीच्या उन्हानं चेहरा रापला होता. वडिलांना सोडून राहता येत नाही म्हणून रोज एसटीनं जाऊन-येऊन करत होत्या. ऑफिसात मी एकटाच निकालाचे तक्ते भरत बसलो होतो. बदलीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. खुर्चीवर बसण्याआधीच विचारलं, "पोरगी बोलते न?"

कोणती, हे त्यांना सांगावं लागलं नाही. मी म्हणालो, "हो. बोलते की."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथून उठून जावंसं वाटलं. "तोंडीले काय म्हने?" असं विचारत त्या वाकल्या आणि तक्त्यावर बोट ठेवून तिचं नाव शोधू लागल्या. नाव सापडलं. पुढे माझ्या सुंदर अक्षरातला चार होता. त्यांचं बोट त्या आकड्यावर थांबलं.

"कमी देल्ले गुरुजी तुमी," बाई म्हणाल्या. "थे यापेक्षा जास्त बोलते."

मग कागद पिशवीत घालून त्या उन्हात एसटी स्टँडकडे चालू लागल्या. पुढे दोन वर्षांनी, कुहीच्याच शाळेत असताना, कावीळ होऊन त्या गेल्याचं कळलं. तो चार मी कधी बदलला नाही.