जोहड, म्हशी आणि गॅसची नळी

दिल्लीतल्या मुनिरक्याच्या खोलीतून सकाळी निघालो, तेव्हा काखेत यमुनेपलीकडच्या दादरी भागाचा जुना भूमापन नकाशा होता. त्यात गायरान होतं, बाभळी होत्या आणि निळ्या शाईतला जोहड (गावतळं). आमच्या खाजगी कंपनीला त्यावर नवी गॅसवाहिनी दाखवून नकाशा अद्ययावत करायचा होता.

"जोहड काढून टाक यार, सुकलाय म्हणे," मी निघताना साहेब फोनवर म्हणाले. कोण म्हणे, ते त्यांनी सांगितलं नाही.

यमुना ओलांडल्यावर शेतांत पिकांऐवजी बिल्डरांचे फलक उगवलेले दिसले. प्रत्येकावर हिरवळ, कारंजी आणि एक गोरं कुटुंब.

जोहड सुकलेला नव्हता. पाण्यात म्हशी डुंबत होत्या आणि त्यांच्यामध्ये गुडघाभर पाण्यात एक म्हातारी उभी होती. काठावर भरावाची माती घेऊन आलेला ट्रकवाला हॉर्न वाजवून थकला होता. म्हशींना त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"तू भी भरने आया है के?" म्हातारीनं मला दरडावलं.

"ना ताई (इकडे थोरली काकू), नक्शा बनाने आया हूँ."

"तो बना. पानी दीखै है के ना?"

"दीखै है."

रामरती तिचं नाव. तिनंच मोजफितीचं दुसरं टोक धरलं. मग घरी नेऊन लोण्याचा गोळा ठेवलेली बाजरीची रोटी आणि छाछ (ताक) दिली. गावच्या प्रधानानं (सरपंचानं) गायरान जोहडासकट बिल्डरला देऊन टाकलं होतं; कागदावर पाणी राहिलं तरच कोर्टात काही होईल, असं तिचा वकील म्हणत होता. मी तिच्या खाटेवर बसून जोहड पेन्सिलीऐवजी पक्क्या शाईनं काढला.

ऑफिसात नकाशा पाहून साहेब भडकले. "पक्की शाई कशाला?"

"पाणी पक्कं होतं, साहेब."

शिक्षा म्हणून मला गोदामात बसवलं गेलं. कोर्टानं मात्र तोच नकाशा पाहून जोहडातला भराव थांबवला.

दोनेक वर्षांनी पुन्हा गेलो. जोहड शाबूत होता. भोवती इमारती, रंगीत दिवे, 'लेक व्ह्यू'चा फलक आणि म्हशी हाकलायला एक गार्ड.

ताई पलीकडे भेटली, गॅसवाहिनीवरच्या लांब हिरव्या पट्ट्यात. खाली गॅस असल्यानं तिथं बांधकामाला मनाई होती. म्हशी मजेत चरत होत्या, पाण्यासाठी मात्र टँकर येत होता.

"तेरा तालाब तो बच गया," ती हसून म्हणाली.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसलो. मी शाईनं वाचवलेलं पाणी बिल्डरनं विकलं होतं. तिचं गवत वाचवलं होतं ते स्फोटाच्या भीतीनं.