मुक्या गाडीचे काका

काका आमच्या घरात शिरले की आधी पंखा बंद करत, मग रामराम. "खाली कोनी बसला नाई, हवा कोनाले देऊन राहिले?" त्यानंतर रिकाम्या खोलीतला दिवा, आणि मी डुलकी घेत असलो तर टीव्ही. भारनियमनाची वर्षं ती. आधीच वीज कमी, त्यात काका. माझ्या अंगावर बटण असतं तर तेही त्यांनी दाबलं असतं; घरात विनाकारण चालू असलेली वस्तू मीच होतो.

वडिलांचे हे चुलत भाऊ देवरीला अ‍ॅम्ब्युलन्स चालवत. गाडी जुनी, बॅटरी एकच. तिच्यावर सायरन, टपावरचा दिवा, आतला पंखा आणि रोग्याच्या घशातला कफ ओढणारी मशीन. "एका गुंडाचं पानी, अन् पेनारे चार," काका म्हणायचे; गुंड म्हणजे आमच्याकडे पाण्याचा हंडा. मशीनचा आवाज जड झाला की ते एकेकाचं पाणी तोडत. पहिला मान सायरनचा.

आता आमच्याकडची रीत अशी, की सायरन ऐकला की माणसं रस्त्यावर येऊन हात जोडतात, आतला जीव वाचावा म्हणून. मुकाट येते ती प्रेताची गाडी. काका जिवंत माणूस घेऊन मुकाट जात आणि बाया लेकरांना दारातून आत ओढत. लग्नाच्या मांडवात ते दिसले की कुणीतरी म्हणणारच, "मुकी गाडी आली, पाहा बे, कोन गेला." काकांना ऐकू यायचं. काकू गेल्यावर घरात एकटे, आणि हळूहळू त्यांनी मांडवात जाणंही सोडलं.

आईला गोंदियाला नेलं तेव्हा मागे आत्या आणि मी होतो. मी सलाईनची बाटली धरलेली. बाटलीपेक्षा जास्त घाम माझाच गळत होता. आमगावच्या अलीकडे मशीन कण्हायला लागली आणि सायरन थांबला. आत्याने हंबरडा फोडला. मी लगेच साथ दिली.

"जित्या बाईले कायले रडून राहिले?" पुढून काका ओरडले. "मशीन आयका."

ऐकली. पुन्हा जोरात चालत होती. आई त्यानंतर कितीतरी वर्षं मला बोलणी ऐकवायला राहिली. सणावाराला ती काकांना जेवायला बोलवायची. दुसरं कुणी बोलवत असेल, असं वाटत नाही.

शेवटी काकांनाच न्यायची वेळ आली. नाकाला ऑक्सिजनची नळी, शेजारी मी. गाडी नवी, सायरन आणि मशीन दोन्ही चालू. काकांनी बोटाने वर खूण केली, बंद कर.

"काका, आता दोन बॅटऱ्या रायते," मी म्हटलं.

ते बराच वेळ सायरन ऐकत पडून राहिले. मग म्हणाले, "भायेर उभे हायेत का कोनी?"

मी खिडकीतून पाहिलं. गाव मागे पडत होतं. दारांना कड्या, रस्ता रिकामा, माणसं धान रोवायला शेतात.

"हाव काका. हात जोडून उभे हायेत."

"रोवन्याच्या दिवसात?" काका म्हणाले. "खोटा काऊन बोलून राहिला बे."

त्यांनी डोळे मिटले. मशीन गोंदियापर्यंत नीट चालली.