काटकोनाचा गुडघा
काटकोन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण हा सुतार कुणाकडे पाहुणा गेला आणि चौकट वाकडी दिसली, की चहा निवेपर्यंत तिच्याकडेच बघत बसायचा, म्हणून पडलेलं.

तर या काटकोनाचा उजवा गुडघा आतल्या बाजूनं ठणकायला लागला, तोही नेमका शाळेच्या बावीस दारांचं काम हातात असताना. नऊ झाली होती. उरलेली महिनाअखेर झाली नाहीत, तर ठेकेदार कारखान्यातली तयार दारं आणून बसवणार होता. त्या नुसत्या कल्पनेनंच काटकोनाचं पित्त खवळायचं.

गुडघा एक आणि सल्लागार सतरा. शेजारी म्हणाला, सांधा झिजला. व्याह्यांना जुनी लचक आठवली. बायको नुसती त्याच्या पोटाकडे बघून गप्प बसली. ते जास्त लागलं. मेहुण्याचं तर विचारूच नका. चार वर्षांपूर्वी त्यानं दाजींच्या बाकाला लाकूड आवळून धरणारा लोखंडी शिकंजा हौसेनं बसवून दिला होता. दाजी त्याच्या दांड्यावर रोज शर्ट टांगायचे.

शेक झाले, तेल झालं, पट्टा झाला. जिना उतरताना कळ यायचीच. कुशीवर झोपावं तर गुडघ्याला गुडघा लागून पुन्हा कळ. काटकोन रंध्यावर सुद्धा खेकसायला लागला.

शेवटी बायकोनं दवाखान्यात ओढत नेलं. डॉक्टरीणबाईंनी सांध्याच्या जरा खाली, आतल्या अंगाला बोट दाबलं आणि काटकोन जागच्या जागी उडाला. काम कसं करता ते दाखवा, म्हणाल्या. यानं समोरची खुर्ची ओढली आणि तिची पाठ दोन्ही गुडघ्यांत गच्च धरून हवेत रंधा मारला.

"दार असंच धरायचं. उस्तादांची शिकवण आहे. एकतीस वर्षं झाली."

बाईंनी समजावलं, की सांधा धड आहे. मांडीचे स्नायू हाडाला येऊन चिकटतात तिथली इवलीशी पिशवी सुजली आहे. हे आवळणं थांबलं नाही, तर औषध घेऊन उपयोग नाही. दार धरायला दुसरं काही नाही का?

काटकोन छताकडे बघायला लागला.

"आहे ना," बायको म्हणाली. "त्याच्यावर यांचा शर्ट असतो."

दहावं दार शिकंज्यात गेलं. ते तसूभर हललं नाही, याचाच काटकोनाला सगळ्यात जास्त राग. कोन तपासायचा गुण्या तीनतीनदा लावून पाहिला. खोट काही सापडेना. महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी बाविसावं दार आवळलेलं असताना मेहुणा हसू दाबत डोकावला.

"काय दाजी, गुडघा काय म्हणतो?"

काटकोनानं मान वर केली नाही.

"ते राहू दे. शर्ट कुठं टांगू ते सांग आधी."