वच्छलाबाईंचा खोकला

चीनमधल्या चेंगदू शहरात दुपार आहे, पण सोळाव्या मजल्याच्या खिडकीत धुकं असं दाटलंय की दुपार झाली हे घड्याळातच बघावं लागतं. वच्छलाबाईंनी गरम पाण्यानं पाय धुतले, बोटांच्या बेचक्या नीट पुसल्या आणि रजई ओढून त्या आडव्या झाल्या. आज झोप लागायची नाही, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलंय.

त्यांच्या नवऱ्याला, डोमाजी गुरुजींना जाऊन आज वर्ष झालं. संध्याकाळी लेक ऑफिसातून आली की तसबिरीपुढे मेणबत्त्या लागतील आणि मग वंदना म्हणावी लागेल. चव्वेचाळीस वर्षं गुरुजी पुढे म्हणत, बाई मागून. गावी पवनीच्या विहारात, लग्नात, मयतीत, रोज संध्याकाळी घरात. गुरुजी गेले आणि बाईंच्या तोंडून पुन्हा एक ओळ निघाली नाही.

सकाळीही तेच झालं. सात वर्षांची नात खेमा त्यांना मेट्रोच्या जिन्याशेजारच्या विहारात घेऊन गेली. बाईंनी सवयीनं दारात चपला काढल्या, तर झाडणारी बाई त्या उचलून मागे धावत आली. "आजी, इथे चपला घालूनच आत जातात!" म्हणत खेमा हसत सुटली. बाई तरी अनवाणीच गेल्या. आत माणसं एका सुरात काहीतरी म्हणत होती. "तू पण आपलं म्हण ना," खेमा म्हणाली. बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

आता बाहेरच्या खोलीत खेमा फोनवर टक टक करतेय. विहारात तालासाठी लाकडी मासा वाजवतात, तो इथल्या लोकांनी फोनमध्ये आणलाय. बोट लावलं की टक.

टक.

टक, आणि लिफ्टचं दार उघडतं. समोर तोच विहार आहे, दोन काचेच्या इमारतींच्या मधोमध. अंगणात गिंकोचं झाड पिवळंधम्मक झालंय आणि त्याखाली गुरुजी खराट्यानं पानं लोटतायत. पांढऱ्या सदऱ्यावर सफाईवाल्यांचं नारिंगी जाकीट. पायात काही नाही.

"चपला कुठे आहेत तुमच्या?"

"दारात काढल्या न. त्या बाईनं कुठं नेऊन ठेवल्या, मले सापडून नाई राहिल्या."

"सापडतील कशा? जन्मभर चष्मा कोण शोधून देत होतं?"

गुरुजी हसतात. पुढचा दात अजून नाहीच. ते खाली बघतात आणि वाकतात. "अवं, तुझ्या पायाला पान चिकटलं."

"अहो, माझ्या पायाला कसला हात लावता!" बाई पाय मागे घेतात.

"बरं, राहू दे. तेवढीच सोबत."

विहाराचा उंबरा उंच आहे. बाई पाय उचलून आत टाकतात आणि तरटपट्टीवर ठेवतात. ही गुरुजींची पवनीची शाळा आहे. खिडकीबाहेर वैनगंगा, तिच्यावरून मेट्रो सावकाश चाललेली. फळ्याच्या जागी सोनेरी बुद्ध बसलेत, त्याचं कुणाला काही वाटत नाही. तरटपट्ट्यांवर गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली ऑफिसची पोरं आहेत, मांडीवर हेल्मेट घेतलेला एक डबेपोचव्या आहे, सकाळची झाडणारी बाई आहे. तिच्या हातात दोन चपला.

गुरुजी टेबलावर रूळ आपटतात. टक. "आज बाई सांगतील," म्हणतात आणि स्वतः शेवटच्या ओळीत, हेल्मेटवाल्याशेजारी मांडी घालून बसतात.

"मला नाही जमायचं. पुढे तुम्ही होता."

"मी कायचा पुढे?" गुरुजी म्हणतात. "शरण तीनदा जायचं. पहिलं झालं की दुतियम्पि, मग ततियम्पि. माझा तिथंच गोंधळ. दुसरं झालं का तिसरं? तू मागून खोकायची, तेव्हा मले समजे."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं होतं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"चव्वेचाळीस वर्षं बरोब्बर त्याच जागी घशात खवखव होते कोणाच्या?"

"मग बोलला नाहीत कधी!"

"बोललो असतो आन् तू खोकणं बंद केलं असतं तर?"

सगळा वर्ग बाईंकडे बघतोय.

"घाई नाही," गुरुजी हळूच म्हणतात. पाढ्यात अडलेल्या प्रत्येक पोराला ते हेच म्हणायचे, आणि मग खिडकीबाहेर बघायचे, पोराला आपणहून तोंड उघडू द्यायचे. आत्ताही ते खिडकीबाहेर बघतात. हेल्मेटवाला बघतो. ऑफिसची पोरं बघतात. सगळे वैनगंगेकडे तोंड करून बसतात आणि बाईंकडे कुणाचंच लक्ष उरत नाही.

"बुद्धं सरणं गच्छामि," बाई म्हणतात.

तरटपट्ट्यांवरून ओळ परत येते, वेगवेगळ्या उच्चारांची, पण तीच. बाई पुढची म्हणतात, त्याच्या पुढची म्हणतात. दुसरी फेरी होते. आणि मग, झाली का दुसरी? की अजून व्हायचीय? बाई थांबतात. शेवटच्या ओळीतून, नदीवरची नजर न काढता, कुणीतरी खोकतं.

"आजी!"

खेमा पलंगाच्या पायथ्याशी उभी आहे. रजई सरकलीय आणि ती बाईंच्या तळव्याकडे बोट दाखवतेय. "पाय न धुताच झोपलीस ना?"

"धुतले गं. साबण लावून."

"मग हे काय?"

तळव्याला गिंकोचं पान चिकटलंय, छोट्या पंख्यासारखं, अजून ओलं. बाई उठून बसतात. पान अलगद सोडवतात, पदरानं टिपतात आणि गुरुजींच्या तसबिरीपुढे ठेवतात. मग खाली बसून शेजारची फरशी थोपटतात.

"ये, बस. मी पुढे म्हणते, तू मागून म्हण. संध्याकाळी आईसमोर म्हणायचंय."

"आणि तू अडलीस तर मी सांगू?"

"सांगायचं नाही. खिडकीबाहेर बघायचं आणि खोकायचं."

खेमा मांडी घालते, खिडकीतल्या धुक्याकडे तोंड करते आणि एकदा खोकून बघते.

"असं?"

"थोडं हळू," बाई म्हणतात. "आजोबांना नुसतं कळायचं, तेवढंच."