तलावाकडची खिडकी

साकोलीत आमचं घर बांधायला एक म्हातारी मजूर बाई यायची. जेवणाच्या सुट्टीत ती अर्धवट भिंतींमध्ये तळहात पुढे धरून हवा शोधायची आणि रोज एकाच कोपऱ्यात डबा उघडायची.

"मावशी, इथंच काहून बसता?" मी विचारलं.

"तलावाकडून गार हवा येऊन राहिली न भाऊ! तुमी इकडं भिंत घातली, अन् खिडकी ठेवली पश्चिमेले. दुपारी घराची भट्टी होईन."

आईला उन्हाळा अजिबात सोसत नाही. मी मिस्त्रीला थांबवलं. त्यानं कुरकुरत पश्चिमेची खिडकी बुजवली आणि तलावाकडे नवी काढली.

वैशाखात गृहप्रवेश झाला. जेवून ती बाई त्या खिडकीखाली टेकली आणि पाहुण्यांच्या गलबल्यातच तिला झोप लागली. आईनं हळूच तिच्या डोक्याखाली उशी सरकवली.