आधी जेवणारी आई

उचगावात दीक्षा कांबळेशी बोलायचं म्हणजे एक पथ्य पाळावं लागतं. बाई दोन वाक्यं बोलते आणि थांबते. समोरच्यानं ‘हं’ म्हटलं की गाडी सुटते. ‘हं’ आलं नाही की तिथंच उभी. नवख्याला वाटतं, विसरली बिचारी. भाजीवाला तर हातात दोडका धरून ताटकळतो आणि शेवटी वैतागून म्हणतो, “वहिनी, गोष्ट राहू दे, दोडका घेणार हाय का न्हाय?”

नवरा प्रसेनजीत वायरिंगची कामं करतो. संध्याकाळी तो मोबाईलवर बोटं फिरवत बायकोला हं-हं करत असतो.

“कशाला हं म्हणलासा? मी काय सांगितलं, सांगा बघू.”

“तू म्हणलीस की... व्हय, बरोबरच म्हणलीस की!”

हा संवाद गल्लीत टीव्हीपेक्षा जास्त चालतो.

दीक्षा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी करते. पंचतारांकित म्हटल्यावर तिच्या लांबच्या पाहुण्यांना वाटलं, पोरगी मोठ्या हॉटेलात लागली. ती बसते लोखंडी भाग तपासायला. चीर दिसली की भाग बाजूला. नजर तयार आहे तिची. पण ती नजर काही कारखान्यात घडलेली नाही. ती घडली शाहूवाडीकडच्या डोंगरात, एका चुलीपुढं.

दीक्षाचे वडील अण्णासो गवंडीकाम करायचे आणि शब्द असे जपून वापरायचे की जणू सिमेंटच. बोलणं सगळं आईच्या, सरुबाईच्या वाट्याला. तीही स्वतः फार सांगत नसे, ऐकायची. संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता पोरांनी दिवसभराचं सांगायचं आणि तिनं हुंकार द्यायचा, असा घरचा रिवाज. ‘हं’ म्हणजे चाल पुढं. ‘व्हय?’ म्हणजे गोष्ट रंगायला लागली. ‘आगं बया!’ फार क्वचित. ते मिळालं की पोर रात्रभर हवेत. आणि हुंकार थांबला की समजायचं, आपण थापा मारतोय.

धाकट्या धम्मपालनं एकदा शाळेमागं बिबट्या पाहिल्याचं सांगितलं. हुंकार बंद. नुसता भाकरीचा थप-थप आवाज. धम्मपाल चाचरत गेला. बिबट्याचं कुत्रं झालं, कुत्र्याचं मांजर. मांजरावर आल्यावर सरुबाई म्हणाली, “हं. मग?”

अशा घरात वाढलेली पोरगी पुढं कथा लिहायला लागली, यात नवल ते काय! कारखान्यातनं आली की लिहायचं, आणि आई उचगावला आली की वाचून दाखवायचं. सरुबाईला अक्षर येत नाही, पण तिचा हुंकार जिथं थांबला तिथली ओळ दीक्षा मुकाट्यानं खोडायची.

घोटाळा झाला तो आईवरच्याच कथेत.

एका दिवाळी अंकात ती छापून आली. कथेतली आई आपली भाकरी पोरांच्या ताटात टाकते, ‘पोरास्नी वाढ आधी’ म्हणते, वर तांब्याभर पाणी पिते आणि पदरानं डोळे टिपत निजते. कारखान्यातली संयोगिता कॅंटीनमध्ये ती वाचून इतकी रडली की तिचा भात तसाच राहिला. दीक्षाला कोण आनंद! नेमकी सरुबाई डोळे दाखवायला उचगावला आली होती. दीक्षानं तिला मेथी निवडायला बसवलं आणि वाचायला सुरुवात केली.

पहिला परिच्छेद झाला. दीक्षा थांबली. हुंकार नाही. दुसरा झाला. नुसती मेथीची पानं मोडल्याचा आवाज. तरी ती शेवटपर्यंत वाचत राहिली.

सरुबाईनं काड्या गोळा केल्या. “कोन गं ही बाई? लई रडती.”

“तूच की, आये.”

“मी? मी कवा पाणी पिऊन निजलो? मी तर तुमच्या आधी जेवत होतो!”

प्रसेनजीतला हसू आवरेना. “आत्या, खरं सांगतासा?”

“मग! तव्यावरची पयली भाकरी माझी. ठेच्यासंगं. शेजारची धोंडुबाई कुंपणावरनं बोंबलायची, सरू, पोरांच्या आधी गिळतीस व्हय गं! मी म्हणायचो, उपाशी पोटी पोरांचं ऐकाय बसलो तर मार खातील पोरं.”

“आये, गोष्टीत तसंच लिहितात,” दीक्षा हळूच म्हणाली.

“मग गोष्टीतल्या बाईलाच जाऊन वाचून दाखीव.”

दुसऱ्या दिवशी सरुबाई एसटीनं शाहूवाडीला धम्मपालकडं निघून गेली.

आता खरी गोम सांगायची तर, दीक्षा काही विसरली नव्हती. लहानपणी शाळेत आईवर निबंध लिहायला सांगितला होता. सगळ्यांच्या आया उपाशी राहत होत्या. दीक्षानं सरळ लिहिलं, आमची आई आधी जेवते आणि मग आमचं ऐकते. गुरुजींनी तो मोठ्यानं वाचला. वर्ग लोटपोट हसला. तेव्हापासून आईची ती पहिली भाकरी दीक्षानं मनात कुठंतरी झाकून ठेवली होती. कथा लिहिताना सगळ्यांच्या आया हाताशी होत्या. आपली लपवायची म्हणून त्यातलीच एक उचलली.

कथेचं कोल्हापुरात एका वाचनालयात जाहीर वाचन ठरलं. शाल, नारळ, पुढच्या रांगेत इस्त्रीची माणसं. दीक्षा उभी राहिली, दोन वाक्यं वाचली आणि सवयीनं थांबली. सभागृह सभ्य, कोण कशाला हं म्हणतंय? संयोजक विजयसिंहांना वाटलं, बाई घाबरल्या. त्यांनी पाणी आणून दिलं. ती प्यायली, वाचली, थांबली. पुन्हा पाणी. कथा संपेपर्यंत पाण्याचा जग रिकामा झाला.

“काय सुंदर विराम घेता हो!” एक गृहस्थ म्हणाले.

टाळ्या भरपूर पडल्या. परतीच्या केएमटी बसमध्ये शाल मांडीवर घेऊन दीक्षा खिडकीबाहेर बघत बसली. एवढ्या माणसांत एक ‘हं’ नव्हता. तो कुठं ठेवलाय हे तिला माहीत होतं, आणि तिथं जायचं तोंड तिला नव्हतं.

तिनं फोन लावून पाहिला. “आये, मी काय म्हणतो...” पलीकडनं ‘हं’ नाही. “ऐकतीस न्हवं?”

“रेंज न्हाय,” असं स्पष्ट, खणखणीत सांगून सरुबाईनं फोन ठेवला.

असं बरेच दिवस चाललं. दीक्षाचं लिहिणं थांबलं. गल्लीत ती दोन वाक्यं बोलायची आणि तिसरं बोलायचीच नाही. आम्ही हं म्हटलं तरी. भाजीवाल्याला चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

मग एके दिवशी धम्मपालच्या बायकोचा, अक्षताचा फोन आला. “वन्सं, आत्या जेवंनात बघा. डॉक्टर म्हणतात दुखणं काय न्हाय, वय झालं. भाकरीचा वास आला की तोंड फिरवतात.”

रविवारी दीक्षा शाहूवाडीची एसटी धरून गेली. सरुबाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती, निम्मी झालेली. अक्षतानं तव्यावरची पहिली भाकरी ताटात घातली, शेजारी ठेचा, आणि ताट पुढं सरकवलं. सरुबाईनं ते बोटांनी मागं ढकललं.

“पोरास्नी वाढ आधी.”

हे दीक्षानंच लिहिलेलं वाक्य होतं. ती खोटी बाई कथेतनं उठून इथं येऊन बसली होती, आणि आई कुठं दिसत नव्हती.

तिनं ‘खा की गं’ म्हटलं नाही. ताट परत आईपुढं ठेवलं आणि चुलीकडं बघत म्हणाली, “एक बाई होती. लई खादाड.”

सरुबाईनं मान वळवली.

“पोरांच्या आधी जेवायची. शेजारीण बोंबलायची, तरी जेवायची. तिच्या पोरीनं शाळेत ते लिवलं, तर सगळी पोरं हसली. पोरीला लाज वाटली, आये. आईचीच लाज वाटली.” दीक्षा थांबली.

हुंकार नाही.

दीक्षानं डोळे वर केले. सरुबाईच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो ठेच्याला लागला, तोंडात गेला. दात उरलेले थोडे. चावणं अगदी सावकाश. भरल्या तोंडानं हं कसं म्हणणार? तिनं नुसता ‘चाल पुढं’ असा हात हलवला.

दीक्षा पुढं सांगत गेली. नुसती एक भाकरी, पण चावायला किती वेळ! आणि तिला ती भाकरी संपेपर्यंत गोष्ट पुरवायची होती. ती लांबण लावायला लागली. शाळेचा रस्ता वर्णन केला, गुरुजींचा चष्मा वर्णन केला, रस्त्यात एक ओढा घातला, ओढ्याला पूर आणला.

सरुबाईचं चावणं थांबलं. तिनं लेकीकडं रोखून पाहिलं.

“न्हाय, न्हाय,” दीक्षा घाईनं म्हणाली, “पूर न्हवता. वाटंत पाणीच न्हवतं.”

जबडा पुन्हा हलू लागला. अक्षतानं आवाज न करता दुसरी भाकरी तव्यावर टाकली. दीक्षा जेवढं खरं आठवत होतं, तेवढं हळूहळू सांगत राहिली.