अकरा कुणालाच नाही

निमगाव केतकीत ठिबकच्या दुकानात मी बिलासाठी ताटकळत होतो. मालक दोघे भाऊ. दोघांनीही हौसेनं आपापल्या कॉम्प्युटरच्या आयपीला, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्याला, गाडीच्या नंबरासारखा शेवटी अकराच लावला होता. दोघांचा पत्ता एकच झाल्यामुळे नेटवर्क अडलेलं, बिलही.

बारामतीहून दुरुस्तीला आलेली बाई दोघांपैकी कुणाच्याच खुर्चीत बसली नाही. उभ्यानंच टाइप करत म्हणाली, "सबनेट मास्क एकच, म्हणजे घर एकच. आकडा मात्र ज्याचा त्याचा पायजे."

"मग अकरा माझा. मी थोरला हाय."

"थोरलेपण घरी, आबा. हितं अकरा कुणालाच न्हाय."

तिनं बारा आणि तेरा दिले. प्रिंटर खडखडला.

"पुढच्या वेळी दुसरा माणूस बोलवीन," थोरला गुरकावला.

"बोलवा," ती हेल्मेट चढवत म्हणाली.

तेव्हापासून भांडण मिटवायला कुणी बोलावलं, की मी कुणाच्याच बाजूला बसत नाही, उभाच राहतो.